विकलेली कॅसेट, ठेवलेली नक्कल आणि दोन कन्सोलवरचे निर्बंध: वरुड तालुक्यातील एक प्रकरण

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात वरुड तालुक्यातील एका गावचा सत्तावीस वर्षांचा तरुण निन्टेंडो या जपानी कंपनीचे स्विच हे हातात धरून खेळायचे यंत्र घेऊन माझ्या दुकानात आला. माझे काम मोबाईल आणि संगणक दुरुस्तीचे. असे कन्सोल वर्षाकाठी चार-पाच येतात आणि त्यांतही बहुतेकांची तक्रार आपोआप एकीकडे सरकणारी कंट्रोलरची कांडी किंवा फुगलेली बॅटरी एवढीच असते. या तरुणाची तक्रार वेगळी होती. “काकाजी, याचं वायफाय गेलं वाटते. नेट जोडते, पन काहीच उघडत नाही. चिप बदलाची असन तं बदलून द्या,” असे म्हणून त्याने यंत्र टेबलावर ठेवले. पुढच्या दोन तासांत जे निष्पन्न झाले आणि नंतरच्या पाच-सहा आठवड्यांत जे घडत गेले, त्याची ही नोंद आहे. संबंधितांच्या संमतीने ती लिहिली असली, तरी नावे मुद्दाम गाळली आहेत.

तपासणी

यंत्र माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून मी सेटिंगमधील जोडणी-चाचणी चालवली. चाचणी पूर्ण झाली. वेग दिसला, नॅटचा प्रकार, म्हणजे यंत्र नेटवर इतरांशी किती मोकळेपणी जोडले जाईल याची श्रेणी, ‘डी’ दिसला, जो मोबाईलच्या नेटवर बहुधा तसाच येतो. वायफायची चिप बिघडलेली असती, तर गाडी इथपर्यंत आलीच नसती. मग ईशॉप, म्हणजे निन्टेंडोचे ऑनलाइन दुकान, उघडून पाहिले, तेव्हा क्षणभराने पाटी आली: या कन्सोलवरून ऑनलाइन सेवा वापरण्यावर निन्टेंडोने निर्बंध घातले आहेत, आणि सोबत क्रमांक, २१२४-४००७. ही पाटी तरुणाने घरी पाहिलेली होती. त्याला इंग्रजी कळत नव्हते असे नाही, पण ‘रिस्ट्रिक्टेड’ म्हणजे नेटवाल्यानेच काहीतरी अडवले असणार, असा अर्थ त्याने लावला आणि गावातल्या ब्रॉडबँडवाल्याशी दोन दिवस वाद घातला होता.

त्याहून मोठे नुकसान त्याने स्वतःच्या हाताने करून घेतले होते. फोन अडकला की ‘फॅक्टरी रिसेट’ मारायचा, या सवयीने त्याने कन्सोल मुळापासून पुसून नवे केले होते. स्विचमध्ये खेळातील प्रगती कॅसेटवर राहत नाही, यंत्राच्या आतील स्मृतीत राहते. त्यामुळे साडेतीन वर्षांचा खेळ एका बटणासरशी गेला आणि निर्बंध मात्र जागच्या जागी राहिला. तो राहणारच होता. प्रत्येक कन्सोलमध्ये कारखान्यातच एक स्वतंत्र प्रमाणपत्र कोरलेले असते, कंपनीचा सर्व्हर यंत्राला त्यावरून ओळखतो, आणि यंत्र कितीही वेळा पुसले तरी ते पुसले जात नाही.

माझ्या पुतण्याचे स्विच लाइट, म्हणजे स्विचची छोटी आवृत्ती, दुकानातच पडलेले होते. तरुणाचे खाते त्यावर उघडून पाहिले, तर ईशॉप सरळ उघडले. यावरून खाते स्वच्छ असून निर्बंध केवळ यंत्रावर आहे, हे स्पष्ट झाले. हा फरक नीट लक्षात ठेवावा लागतो, कारण पुढील सगळा गुंता त्यातूनच निर्माण झाला आहे: दोष माणसाचा असला, तरी शिक्षा यंत्राच्या अंगावर बसते आणि यंत्र ज्या हातात जाईल त्या हातात ती त्याच्याबरोबर जाते.

एवढे झाल्यावर मी विचारले, “यात कॅसेट कोणती घालतो?” आमच्याकडे कार्ट्रिजला अजून कॅसेटच म्हणतात, टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमच्या पिवळ्या कॅसेटींपासून हा शब्द रुळला आहे. त्याने शर्टाच्या खिशातून नखाएवढ्या जाडीचे एक कार्ड काढले. आकार मूळ कॅसेटीसारखाच, पण वर कोणत्याही खेळाचे चित्र नव्हते आणि कडेला मायक्रोएसडी कार्ड घालण्याची खाच होती.

फ्लॅशकार्ट त्याच्याकडे कसे आले

फ्लॅशकार्ट म्हणजे बाहेरून मूळ कॅसेटीचे सोंग घेणारी आणि आत आपण भरू ते खेळ ठेवणारी कॅसेट. २०२३ च्या अखेरीस स्विचसाठी ‘मिग स्विच’ नावाचे असे कार्ट जाहीर झाले आणि २०२४ च्या सुरुवातीपासून ते लोकांच्या हाती पडू लागले. त्यासोबत कॅसेटीची नक्कल उतरवून घेणारे एक वेगळे उपकरणही मिळते. यात कन्सोल उघडावे लागत नाही, टाके मारावे लागत नाहीत, यंत्राच्या प्रणालीला हात लावावा लागत नाही. कॅसेट काढून पुन्हा घातली की पुढचा खेळ समोर येतो. यंत्राला हात लावला नाही म्हणजे यंत्राला कळणार नाही, हा समज इथूनच निर्माण होतो.

या तरुणाचा हेतू फुकट खेळ मिळवण्याचा नव्हता, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. २०२१ मध्ये पुण्यात नोकरीला असताना त्याने कन्सोल घेतले, वडिलांच्या आजारपणामुळे तो गावी परतला आणि संत्र्याची बाग पाहू लागला. त्याच्याकडे सहा मूळ कॅसेटी होत्या. घरात भावाची दोन लहान मुले आहेत आणि स्विचची कॅसेट पोस्टाच्या तिकिटाहून फार मोठी नसते. एक कॅसेट धान्याच्या कोठीमागे तीन महिने पडून होती, दुसरी धाकट्याने तोंडात घातली. (मुलांनी गिळू नये म्हणून या कॅसेटींना मुद्दाम अतिशय कडू लेप दिलेला असतो, धाकट्याने ती लगेच थुंकली, त्यामुळे लेपाचे काम चोख झाले असे म्हणता येईल.) मूळ कॅसेटी कपाटात ठेवून नकला एका कार्टात भराव्यात, या विचाराने २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने कार्ट आणि नक्कल उतरवायचे उपकरण मागवले. इतरांकडून उतरवलेला एकही खेळ त्यात नव्हता, असे तो शपथेवर सांगतो आणि कार्ड तपासल्यावर मलाही तसेच आढळले.

त्याच्या निर्धास्तपणाला आणखी एक जुने कारण होते. अमरावतीच्या वसतिगृहात असताना, २०१० च्या सुमारास, त्याने निन्टेंडो डीएस या कंपनीच्या जुन्या कन्सोलमध्ये आर-४ नावाचे फ्लॅशकार्ट अनेक महिने वापरले होते आणि कोणीही काही म्हटले नव्हते. त्या काळी ते खरेच होते. डीएसला आजच्यासारखे यंत्राशी जोडलेले खाते नव्हते, कॅसेटीची कुंडली सर्व्हरवर ठेवण्याची व्यवस्था नव्हती. ऑनलाइन खेळण्याची सोय होती, पण दारावर आजच्याइतकी कडक झडती नव्हती. पुढे डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएस कन्सोलच्या काळात चित्र पालटले. थ्रीडीएसच्या प्रत्येक कॅसेटीत तिची स्वतःची खूण असते. गेटवे, स्काय-थ्रीडीएस अशी कार्टे वापरणारे अनेक जण इंटरनेटवरून उतरवलेली एकच सामायिक खूण वापरून ऑनलाइन जात, आणि एकच कॅसेट एकाच वेळी शेकडो ठिकाणी खेळली जात असल्याचे सर्व्हरला दिसे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पोकेमॉन सन आणि मून हे खेळ बाजारात येण्याआधीच फुटले, तेव्हा ते घेऊन ऑनलाइन गेलेल्यांच्या यंत्रांवर बंदी आली; मे २०१७ मध्ये तर ००२-०१०२ हा बंदीचा क्रमांक दाखवणाऱ्या यंत्रांची लाटच आली. आमचा तरुण या मधल्या काळात कोणतेही कन्सोल वापरत नव्हता. त्याचा अनुभव २०१० मध्येच थांबलेला होता आणि त्याने तो २०२४ च्या यंत्राला लावला.

कॅसेटीची ओळख आणि झालेली चूक

स्विचच्या प्रत्येक मूळ कॅसेटीत कंपनीची सही असलेले एक प्रमाणपत्र असते. इथे ‘प्रत्येक खेळाचे’ नव्हे, तर ‘प्रत्येक कॅसेटीचे’ असे वाचावे. एकाच खेळाच्या दोन कॅसेटी दुकानातून एकाच दिवशी घेतल्या, तरी त्यांची प्रमाणपत्रे वेगळी निघतात. खेळ ऑनलाइन जाऊ लागला की कन्सोल आधी स्वतःची ओळख पटवते, नंतर आत घातलेल्या कॅसेटीचे प्रमाणपत्र सर्व्हरकडे पाठवते, आणि तिथे पडताळणी झाल्यावरच पुढचे दार उघडते. ही रचना जून २०१८ मध्ये सायरेसएम या नावाने वावरणाऱ्या संशोधकाने तपशिलासह जाहीर केली होती, म्हणजे हे कार्ट बाजारात येण्याच्या साडेपाच वर्षे आधी. सामान्य ग्राहकालाही याचा पुरावा रोज दिसत होता: मूळ कॅसेटीवर मिळणारे गोल्ड पॉइंट, म्हणजे ईशॉपच्या खरेदीत वापरता येणारे बक्षीस-गुण, एका कॅसेटीवर एकदाच मिळत आणि जुनी कॅसेट विकत घेणाऱ्याला ‘हे आधीच घेतलेले आहेत’ असे उत्तर येई. कंपनी एकेक कॅसेट ओळखते, याहून सरळ खूण कोणती असणार?

नक्कल उतरवताना खेळाबरोबर हे प्रमाणपत्रही उतरते. ते उतरले नाही तर कार्ट ऑनलाइन जाऊच शकत नाही. याचा अर्थ, मूळ कॅसेट कपाटात आणि नक्कल यंत्रात अशी स्थिती असेपर्यंत सर्व्हरच्या दृष्टीने कॅसेट एकच राहते. मूळ कॅसेट घराबाहेर पडली की मात्र एका प्रमाणपत्राची दोन तोंडे होतात.

या तरुणाने नेमके तेच केले. २०२४ च्या दिवाळीत हात अडचणीत होता. आंबिया बहाराच्या संत्र्याला भाव नव्हता आणि व्यापाऱ्याने विसार देऊन तोड लांबवली होती. कपाटात नुसत्या पडून असलेल्या कॅसेटींपैकी दोन त्याने जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर विकल्या. मोटारशर्यतीच्या खेळाची कॅसेट चांदूर बाजारकडच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने २,८०० रुपयांना घेतली. दुसरी मुंबईकडे गेली आणि तिच्याबद्दल पुढे काही कळले नाही. नकला त्याने तशाच ठेवल्या. त्यात काही वावगे आहे, हे त्याच्या डोक्यात आले नाही. मी त्याला म्हटले, “बापू, तू शेत विकलं आन् सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेरनी चालू ठेवली.” त्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला.

कारण आणि परिणाम यांत दोन महिन्यांचे अंतर का पडले, हे या प्रकरणातले सर्वांत बोलके आणि ग्रामीण वाचकाला सर्वांत उपयोगी अंग आहे. नोव्हेंबर-डिसेंबरभर तो रात्री बागेच्या राखणीला होता. झोपडीत सौरदिवा, रानडुकरांसाठी फटाके आणि हे कन्सोल. फोनला तिथे नेट नाही. शहरातला माणूस नक्कल घालतो आणि त्याच संध्याकाळी ऑनलाइन जातो, त्यामुळे झाले तर दोन-तीन दिवसांत होते आणि कशाने झाले ते त्याला उमजते. इथे दोन महिने काहीच झाले नाही, आणि काही होत नाही हाच त्याला सुरक्षिततेचा पुरावा वाटू लागला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तोड संपली, तो घरी आला, ब्रॉडबँडवर यंत्र जोडले आणि दोन संध्याकाळी ऑनलाइन शर्यती खेळला. तिकडे तीच कॅसेट दिवाळीपासून चांदूर बाजारकडे रोज ऑनलाइन जात होती. तिसऱ्या दिवशी पाटी आली. विमान-मोड लावून खेळले की भागते, असा सल्ला देणारे बरेच भेटतात. पण स्विच खेळाच्या नोंदी आत साठवून ठेवते आणि जोडणी मिळताच पाठवते, हे ते सांगत नाहीत. जोडणीविना काढलेला काळ म्हणजे फक्त लांबलेली तारीख.

दुसरे कन्सोल

यानंतर पाचव्या दिवशी तरुणाला फोन आला. कॅसेट घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या यंत्रावरही तीच पाटी आली होती. त्याच्याकडे फ्लॅशकार्ट नव्हते, ते काय असते हेही त्याला ठाऊक नव्हते. चार कॅसेटींपैकी जुनी घेतलेली ही एकच, म्हणून त्याने विक्रेत्याला फोन लावला होता. पहिल्या दिवशी तो “दादा, तुमच्या कॅसेटीत काही प्रॉब्लेम होता काय?” एवढेच विचारत होता. दुसऱ्या दिवशी फोनवर वडील होते. तिसऱ्या दिवशी बापलेक मोर्शीमार्गे एसटीने वरुडला आले आणि मी मध्यस्थ असल्यामुळे बैठक माझ्याच दुकानात झाली.

टेबलावर दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवली होती, दोन्हींवर एकच क्रमांक. त्या गृहस्थांनी मुलाला हे यंत्र बारावीच्या गुणांचे बक्षीस म्हणून घेऊन दिले होते. ते आवाज चढवून बोलले नाहीत, पण एक प्रश्न त्यांनी तीनदा विचारला: माझ्या मुलाने काय केले? खरे उत्तर असे होते की त्याने पैसे देऊन अस्सल वस्तू घेतली आणि ती अस्सल असल्यामुळेच तो अडकला. त्या कॅसेटीचे आणि नकलेतले प्रमाणपत्र एकच होते. आमचा तरुण मान खाली घालून म्हणाला, “मी तं माह्याच पैशाच्या खेळाची कॉपी काढली होती जी. चोरी कोनाची केली, मलेच समजत नाही.” चोरी कोणाची, हा प्रश्न मला त्या वेळी फारसा महत्त्वाचा वाटला नाही. एकच हक्क दोघांनी वापरला आणि त्यातल्या एकाने तो विकून त्याचे पैसे घेतले होते, एवढे माझ्यापुरते पुरेसे होते.

पुढचे काम कागदपत्रांचे होते. कॅसेटीच्या दोन्ही बाजूंचे, मागील छापील अक्षरे स्पष्ट दिसतील असे फोटो, कन्सोलच्या अनुक्रमांकाचा फोटो, ॲपवरील संभाषण, पैसे पाठवल्याची नोंद, कुरिअरची पावती. तरुणाने एक पत्र लिहून दिले, ज्यात नक्कल आपण काढली, मूळ कॅसेट अमुक तारखेला विकली आणि खरेदीदाराला याची कल्पना नव्हती, असे स्वच्छ नमूद केले. निन्टेंडोची भारतात थेट विक्री-सेवा नसल्यामुळे इथले वापरकर्ते खाते उघडताना बहुधा दुसऱ्या देशाचा पत्ता निवडतात. या विद्यार्थ्याचे खाते अमेरिकेच्या नावावर होते, त्यामुळे तिकडच्या ग्राहक-कक्षाशी रात्री उशिरा चॅटवर बोलावे लागले. मूळ कॅसेट हातात असल्याचे फोटो पाठवल्यावर प्रकरण वरच्या विभागाकडे गेले आणि एकोणिसाव्या दिवशी त्याचे यंत्र मोकळे झाले. त्याच वर्षी, जून २०२५ नंतर, स्विच २ या नव्या कन्सोलवर जुनी कॅसेट घालून असेच अडकलेले आणि पुरावे दाखवून सुटलेले खेळाडू परदेशातही पुढे आले. म्हणजे आमच्याकडे जे घडले ते काही वेगळे नव्हते.

आमच्या तरुणाने स्वतःच्या यंत्रासाठी अर्ज केला नाही. अर्ज उघडून तो बराच वेळ बसला होता, मग “काय लिहू, काकाजी?” असे विचारून त्याने फोन खिशात घातला. विद्यार्थ्याला त्याने २,८०० रुपये परत दिले आणि कॅसेटही त्याच्याकडेच राहू दिली.

यंत्राचे उरले काय

तरुणाच्या वडिलांनी सगळे ऐकून घेतल्यावर विचारले होते, “मशीन चालू हाय ना? मंग बंदी कायची?” प्रश्न वाटतो तेवढा भोळा नाही. निर्बंध आलेले स्विच बंद पडत नाही. मूळ कॅसेटी चालतात, आणि शेजारी दुसरे यंत्र असेल तर दोघांना जवळच्या बिनतारी जोडणीवर समोरासमोर खेळता येते. आम्ही दुकानात लाइटसोबत ते करून पाहिले. गेले ते ईशॉप, ऑनलाइन खेळ आणि क्लाउडवरील साठवण. ज्याच्याकडे कॅसेटी आहेत आणि ज्याच्या गावात नेट आठवड्यातून तीन दिवस असते, त्याला हे परवडेल असे वाटू शकते. ज्याने पैसे भरून ईशॉपवरून खेळ घेतले आहेत, त्याचे तसे नाही: यंत्रावर आधी उतरवलेले सोडले, तर विकत घेतलेले बाकी खेळ त्या यंत्रावर पुन्हा आणता येत नाहीत. तरुणाने दिवाळीआधी घेतलेला शेतीचा एक खेळ रिसेटमध्ये पुसला गेला आणि तो आता त्याच्या खात्यात आहे, यंत्रात नाही.

५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ ने हा हिशेबही बिघडवला आहे. त्याच्या बऱ्याच कॅसेटी ‘गेम-की कार्ड’ प्रकारच्या आहेत. त्यांत खेळ नसतो, केवळ किल्ली असते आणि खेळ पहिल्यांदा नेटवरून उतरवावाच लागतो. निर्बंध आलेल्या यंत्राला अशी कॅसेट म्हणजे कुलूप नसलेली किल्ली. त्या जूनमध्येच मिग कार्ट स्विच २ मध्ये घालणाऱ्यांची यंत्रे अडकू लागली, त्यांचा क्रमांक २१२४-४५०८, आणि आपण केवळ स्वतःच्या कॅसेटींच्या नकला वापरल्या असे सांगणारेही त्यांत होते. त्याआधी मे महिन्यात कंपनीने अमेरिकेतील खातेधारकांच्या करारात बदल करून, अनधिकृत वापर आढळल्यास यंत्र पूर्णतः किंवा अंशतः कायमचे निरुपयोगी करण्याचा अधिकार राखून ठेवला होता. आपल्याकडील अनेकांची खाती अमेरिकेच्या नावावर असल्यामुळे हा करार परका म्हणून बाजूला सारता येत नाही.

कायद्याची बाजू

मी वकील नाही, पण बैठकीत हा विषय निघाल्यामुळे तो नोंदवणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याच्या वडिलांनी ग्राहक आयोगाचा उल्लेख केला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते, हे त्यांना माहीत होते. अडचण अशी की घरातली जुनी वस्तू एकदा विकणारा शेतकरी म्हणजे व्यापारी नव्हे. त्यांनी तो मार्ग धरला नाही आणि पैसे परत मिळाल्यावर विषय सोडून दिला.

तरुणाचा मुद्दा निराळा होता. प्रताधिकार कायदा १९५७ मधील कलम ५२ प्रमाणे संगणक-प्रणालीच्या कायदेशीर धारकाला, ती हरवू किंवा खराब होऊ शकते म्हणून, तात्पुरत्या संरक्षणासाठी प्रत काढून ठेवता येते. हे त्याने मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवले. मात्र ही सवलत ‘धारका’ची आहे, कॅसेट विकल्यावर तो धारक राहिला नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. आणि समजा, कायदा पूर्णपणे त्याच्या बाजूचा असता, तरी ऑनलाइन सेवा हा करार आहे. सर्व्हरचे दार उघडायचे की नाही हे करारातील अटींवर ठरते, आणि त्या अटी त्याने २०२१ मध्ये न वाचता ‘स्वीकार’ दाबून मान्य केल्या होत्या. मीही त्या वाचलेल्या नव्हत्या.

नंतर

फेब्रुवारीत त्याच्या मनात यंत्र विकण्याचे आले. ॲपवर तसल्याच कन्सोलला बारा-तेरा हजार मिळत होते आणि फोटोत निर्बंध दिसत नाही. मी नाही म्हटले, आणि तोही फार ताणून न धरता थांबला. चांदूर बाजारच्या त्या गृहस्थांचा प्रश्न त्याच्या कानात असावा. शेवटी मामेभावाच्या मुलांसाठी त्याने ते साडेतीन हजारांत दिले आणि सोबत कागदावर लिहून दिले: ऑनलाइन चालणार नाही, कारण हे. ती मुले उरलेल्या चार कॅसेटी लावून दोघे मिळून खेळतात. कार्ट आणि त्यातले मायक्रोएसडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. नकला त्याने माझ्यासमोर पुसल्या.

गेल्या नोव्हेंबरात त्याने जुने स्विच लाइट घेतले. घेण्याआधी विक्रेत्याला दुकानात बसवून, ईशॉप उघडून, जोडणी-चाचणी करून पाहिली. हे आता मी येणाऱ्या प्रत्येकाला करायला लावतो. कॅसेटीबाबत मात्र अशी कोणतीच चाचणी नाही. खरेदीआधी तिची नक्कल कुठे आहे की नाही, हे तिला हातात धरून, पालथी करून किंवा चालवून कळत नाही. त्याने माझ्यासमोर जुनी कॅसेट विकणाऱ्या कारंज्याच्या एका मुलाला फोन लावला आणि किमतीआधी पहिला प्रश्न विचारला, “याची कॉपी काढली होती काय?” पलीकडून थोडा वेळ काहीच आले नाही. मग तो मुलगा म्हणाला, “कॉपी म्हंजे?” त्याने माझ्याकडे पाहिले आणि कॅसेट घेतली.